जात्यावरच्या ओव्या आणि लिनक्स



डिसेंबर २०२५ मध्ये मी माझ्या संगणकावरचं विंडोज काढलं आणि त्या जागी लिनक्स घातलं. वय वर्षं ७४, शिक्षण मराठी माध्यमातून बी. ए., आणि संगणकाचं ज्ञान म्हणाल तर नोकरीत असताना शिक्षकांना सक्तीने करावा लागलेला एक कोर्स. त्यामुळे घरात कुणालाच हा उद्योग पटलेला नव्हता. शेजारच्या बाई तर अजूनही जिन्यात भेटल्या की विचारतात, "तुमचा तो कॉम्प्युटर चालतो ना हो?" चालतो. हा लेख त्याच्यावरच टंकते आहे.

निमित्त तसं साधंच होतं. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला तिच्या नेहमीच्या सुधारणा बंद झाल्या. दहा वर्षं चालली, तक्रार करण्यासारखं काही नाही. पुढच्या विंडोज ११ साठी संगणकात सुरक्षेची एक वेगळी चिप असावी लागते. माझा संगणक २०१४ साली जुळवून घेतलेला, चार जीबी रॅमचा. त्यात ती नाही. माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि सुट्टीच्या दिवशी काळेवाडी फाट्याजवळ भावाच्या दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याला बोलावलं. त्याने डबा उघडून धूळ झटकली आणि म्हणाला, "बाई, आता याच्यात पैसे घालू नका. नवीन घ्या."

"आणि याचं काय करायचं?"

"भंगारात."

"अरे, वय झालं म्हणून भंगारात? मग मला कुठे टाकणार आहेस?"

तो हसला, डोकं खाजवलं, आणि जरा चाचरत म्हणाला, "मग लिनक्स टाकून बघा बाई. फुकट असतं. पण तुम्हाला जमेल का?"

‘जमेल का’ हा प्रश्न आयुष्यभर मी दुसऱ्यांना विचारत आले. मला कुणी विचारलेला मला चालत नाही.

पण खरं सांगायचं तर मला या भानगडीत पडायला लावणारी गोष्ट वेगळीच होती. ती म्हणजे आईच्या ओव्या. आई मावळातली. शाळेचं तोंड न पाहिलेली. पहाटे जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओव्या यायच्या. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण सहज म्हणतो, पण आईच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. नुसतं खुर्चीत बसवून "सांग गं" म्हटलं की तिला एकही आठवायची नाही. खुंटा हातात द्यावा लागे. मग मी मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी गेले की पसाभर नाचणी आणायची, तिला जात्याशी बसवायची आणि वही घेऊन समोर बसायचं. अशी वर्षानुवर्षं मिळून ३१७ ओव्यांची वही झाली. २००३ साली संगणक आला तेव्हा मी ती वही टंकायला घेतली आणि दोन वर्षांत पुरी केली. आई २००८ मध्ये गेली. पुढे त्या वहीला वाळवी लागली, आणि कळलं तेव्हा हातात भुसा आला. उरली ती फक्त संगणकातली फाईल.

आणि ती फाईल उघडत नव्हती. म्हणजे उघडायची, पण वाचता यायची नाही.

त्या काळी मराठी टंकायचं तर मराठी फॉन्टचा एक संच विकत घ्यावा लागे, त्यासोबत एक लहानशी डबी येई. तिला डोंगल म्हणत. ती प्रिंटरच्या जागी मागे खोचली तरच मराठी उमटायचं. आता ती खोच नव्या संगणकांना नसते, तो संच नव्या प्रणालीवर बसत नाही. त्याचं नाव घेत नाही, कारण तेव्हा सगळ्यांची तीच रीत होती. आत अक्षर इंग्रजीच असायचं, त्यावर मराठीचा मुखवटा. मुखवटा गेला की खालचं इंग्रजी उघडं पडणार. माझ्या फाईलमध्ये आईच्या ओव्यांच्या जागी टोप्या घातलेले ए, शेपट्या फुटलेले सी आणि डॉलरची चिन्हं पसरली होती. वीस वर्षं मी ती फाईल या संगणकातून त्या संगणकात नेत होते. देवघरातला टाक जसा हलवतात तशी. वाचता मात्र येत नव्हती.

तर लिनक्स. नात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती शनिवारी आली. आम्ही पूल ओलांडून पिंपरी कॅम्पात गेलो आणि १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह आणला. तिने त्यावर डेबियन नावाचं लिनक्स उतरवून घेतलं. लिनक्सचे घराण्यांसारखे बरेच प्रकार आहेत, त्यातलं हे जुनं घराणं, १९९३ पासूनचं. नावाची गंमत अशी, की इयान मर्डॉक या तरुणाने डेब्रा या आपल्या मैत्रिणीचं नाव आणि स्वतःचं नाव जोडून ते केलं. आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांवरून ठेवतात. माझी १३ वी आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, ऑगस्ट २०२५ मधली.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की संगणकातलं काहीही न पुसता नुसत्या पेनड्राइव्हवरून ते चालवून बघता येतं. जागा घेण्याआधी चार दिवस राहून बघण्यासारखं. आवाज येतो का, इंटरनेट लागतं का, मराठी दिसतं का, सगळं तपासलं. पेनड्राइव्ह काढला की संगणक पूर्वीसारखा. असे आठ दिवस मी पाहुणी म्हणून राहिले. नवव्या दिवशी नातीला फोन केला, "ये आता, कायमचं बिऱ्हाड करू." बसवताना भाषा निवडायची यादी येते, तीत मराठी आहे. निवडली. पुढचे सगळे प्रश्न मराठीत.

त्या मराठीबद्दल सांगायलाच हवं. काही वाक्यं उत्तम, काही वाचताना लाल पेन शोधावंसं वाटलं. वेलांट्या इकडच्या तिकडे, आणि काही शब्द असे जड की त्यापेक्षा इंग्रजी बरं. मी कुरकुरले तेव्हा नात म्हणाली, "मग आजी, दुरुस्त कर ना."

"म्हणजे?"

"म्हणजे कळव. हे लोकांनीच भाषांतर केलंय, कुणीही सुधारून पाठवू शकतं. पटलं तर घेतात."

मी क्षणभर गप्प बसले. आयुष्यभर छापील पुस्तकांतल्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करत आले. त्या खुणा माझ्याच प्रतीत राहिल्या. इथे खूण केली तर ती सगळ्यांच्या प्रतीत उतरू शकते! सध्या एका वहीत २६ शब्दांची यादी केली आहे. पाठवणार आहे.

इथे ‘फुकट’ या शब्दावर येते, कारण दुकानातल्या माझ्या विद्यार्थ्यापासून धाकट्या दिरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच. दीर तर म्हणाले, "वहिनी, फुकट ते पौष्टिक!" इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने दोन्ही अर्थ सांगावे लागतात, त्यामुळे त्या मंडळींना कायम खुलासे करत बसावं लागतं. आपल्याकडे ती अडचण नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. लग्नातलं जेवण फुकट असतं, पण आचाऱ्याची कृती कुणी तुम्हाला देत नाही. मुक्त म्हणजे जेवण तर मिळेलच, कृतीही मिळेल, तीत मीठ कमी करा, गूळ घाला, आणि शेजारणीलाही सांगा.

याचा इतिहास मी जरा खोदून वाचला (सवय जात नाही!). मूळ युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. ती प्रयोगशाळा एका अवाढव्य टेलिफोन कंपनीची. त्या कंपनीला सरकारशी झालेल्या १९५६ च्या समझोत्यामुळे संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशांत दिलं गेलं, तेही आतल्या सगळ्या मजकुरासकट. विद्यार्थ्यांनी ते उघडून वाचलं, वाढवलं. पुढे बंधनं सुटली तशी दारंही बंद होत गेली. तेव्हा १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनी जाहीर केलं, की मी युनिक्ससारखीच पण सर्वांना मोकळी असलेली प्रणाली लिहिणार. त्यांच्या या हट्टामागे एक प्रिंटर होता म्हणतात. कागद अडकायचा, म्हणून त्याच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करावी म्हटलं तर आतला मजकूर कुणी दाखवेना. आमच्या शाळेच्या कार्यालयात सायक्लोस्टाइलच्या यंत्रापुढे हताश उभं राहिलेल्या कुणालाही हे दुःख कळेल. त्या प्रणालीचा गाभा मात्र आला फिनलंडमधून. हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहिला आणि लोकांपुढे ठेवला. माझ्या टेबलावर आज चालतंय ते या दोन्हींचं मिळून झालेलं, युनिक्सच्या वळणाचं. वंशावळ युनिक्सची नाही, संस्कार मात्र युनिक्सचे.

आणि यात आपलं पुणंही आहे बरं का! मराठी अक्षरं वाचायला संगणकात जे वळण लागतं, ते ‘लोहित’ नावाचं मुक्त वळण मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेलं. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने २००४ साली ते सगळ्यांसाठी खुलं केलं. लोहित म्हणजे तांबडा. लाल टोपीवाल्यांना शोभेलसं नाव. ज्याने निवडलं त्याला संस्कृतात चांगले गुण असणार.

कळफलकाचं म्हणाल तर मी इनस्क्रिप्ट शिकले. सरकारने १९८६ साली प्रमाण केलेली ही मांडणी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क जिथे, तिथेच शिफ्ट दाबून ख. ग तिथे घ, त तिथे थ. अल्पप्राणाला दाबलं की महाप्राण! व्याकरणाच्या तासाला फळ्यावर जे मांडत होते तेच बोटांखाली आलं. आठवड्याभरात हात बसला. आणि हे सगळ्या संगणकांवर सारखंच असतं, डबी लागत नाही.

आता एक विषयांतर करते, इतिहास शिकवलेल्या माणसाला ते टाळता येणार नाही. लिनक्समध्ये काळ्या खिडकीत आज्ञा टंकून कामं करता येतात. नातीने मला ‘कॅल’ ही आज्ञा दाखवली. महिना आणि साल दिलं की तेवढं कॅलेंडर समोर. (डेबियनमध्ये ती वेगळी आणून बसवावी लागली, दोन मिनिटांचं काम.) ती म्हणाली, "आजी, ९ आणि १७५२ टाक." टाकलं. सप्टेंबर १७५२. बुधवारी २ तारीख आणि लगेच गुरुवारी १४! मधले ११ दिवस गायब. मला एकदम लख्ख आठवलं, इंग्लंडने जुनी ज्युलियन गणना सोडून ग्रेगोरियन घेतली ती याच महिन्यात. मग मी माझी परीक्षा घेतली. शिवाजी महाराजांचा जन्म जेधे शकावलीप्रमाणे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० आपण म्हणतो ती जुन्या गणनेची. टंकलं २ आणि १६३०. १९ तारखेला शुक्रवार! आजची गणना मागे ताणून हीच तारीख काढली तर मंगळवार येतो, आणि मग कुणीतरी उठून ‘शकावली चुकली’ म्हणतं. शकावलीवाल्यांचं बरोबर आहे हो. या एका आज्ञेवर वर्गात पाऊण तास सहज निघाला असता. तेव्हा नव्हती हाताशी, काय करणार.

असो. आता मूळ मुद्द्यावर.

फाईलचं कोडं सोडवायला दोन गोष्टी हाताशी लागल्या. पहिली, तळेगावच्या धाकट्या बहिणीच्या ट्रंकेत सापडलेली ११ छापील पानं. २००४ साली मी तिला वाचायला दिली होती ती. त्यांवर सुमारे ६० ओव्या. म्हणजे तेवढ्यापुरतं कोडंही समोर आणि उत्तरही समोर. मोडी शिकताना आम्ही असंच करत असू, ओळखीचा मायना घेऊन त्यावरून अक्षरं लावायची.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘सेड’. हे युनिक्सचं एक जुनं अवजार, ली मॅकमॅहन यांनी १९७४ च्या सुमारास लिहिलेलं. त्याचं काम एकच. ओळ वाचायची, सांगितलंय ते बदलायचं, पुढची ओळ घ्यायची. जिथे हे चिन्ह दिसेल तिथे ते अक्षर घाल, अशा सूचनांची यादी त्याला द्यायची. मी यादी करू लागले. टोपीवाला ए म्हणजे क. शेपटीचा सी म्हणजे काना. रोज दुपारी दोन तास, छापील पान डाव्या हाताला, पडद्यावरचा गोंधळ समोर. १४८ ओळींची यादी झाली.

पण नुसतं चिन्हाला अक्षर लावून भागेना, आणि इथे माझ्या मास्तरकीला कामच मिळालं. पहिली वेलांटी आपण लिहितो अक्षराच्या आधी, बोलतो नंतर. जुने फॉन्ट लिहिण्याच्या क्रमाने चालत. आधी वेलांटी, मग क. नवी पद्धत, युनिकोड, उच्चाराच्या क्रमाने चालते. आधी क, मग वेलांटी. जोडाक्षर असलं तर संपूर्ण जोडाक्षरानंतर, नाहीतर ‘स्थिर’ मधली वेलांटी स ला चिकटून सगळं अस्थिर! रफाराचं याच्या उलट. ‘सर्वांना’ लिहिताना रफार शेवटी देतो, पण उच्चारताना तो व च्या आधी. म्हणजे एकाला पुढून मागे न्यायचं, दुसऱ्याला मागून पुढे. सेडमध्ये यासाठी अक्षरांना कंसात धरून त्यांची अदलाबदल करता येते. ती सूचना लिहायला मला नातीची मदत लागली, पण नियम काय असावा हे तिला मी सांगितलं. तिचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून. ‘रफार’ हा शब्द तिला त्या दिवशी कळला.

सगळ्यात जास्त घाम फोडला तो ‘दऱ्या’ ने. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना बिदागी द्यायची. हा फरक मराठीला प्राणासारखा आहे, हिंदीला त्याची गरज नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी बुडखा टिंबाचा ऱ वेगळा घ्यावा लागतो. मावळातली बाई दऱ्याडोंगरांशिवाय काय गाणार? पहिल्या फेरीत आईच्या सगळ्या डोंगरदऱ्या समुद्रात बुडाल्या होत्या. चौथ्या फेरीत वर आल्या.

आणि २३ जानेवारीच्या दुपारी यादी चालवली तेव्हा पडद्यावर पहिली ओवी सरळ मराठीत उभी राहिली. मग दुसरी. मी वाचत खाली जात राहिले. छापील ११ पानांत नसलेली ओवी आली तेव्हा आवाज ऐकू आला म्हणा ना. वाचणं थांबवून स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. चहा नको होता.

मग मला एक गोष्ट जाणवली. ओवी कुणाची असते? आईच्या ओव्यांत तिच्या आईच्या, जावांच्या, शेजारणींच्या मिसळलेल्या. चाल तीच. कुणीतरी गायलेली उचलायची, त्यात आपल्या भावाचं नाव घालायचं, आपल्या गावची नदी घालायची, आवडली तर पुढची बाई घेणार आणि तिच्या भावाचं नाव घालणार. कुणाची परवानगी नाही, कुणाला मनाई नाही. स्टॉलमननी सांगितलेली वापरायची, उघडून बघायची, बदलायची आणि वाटायची मुभा आमच्या जात्यावर कधीचीच होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर येत आहेत. तिथे वाचताना आईच्या ओळखीची ओवी दुसऱ्याच गावच्या दुसऱ्याच बाईच्या नावाने भेटते आणि मला मुळीच वाईट वाटत नाही. जी गोष्ट जन्मापासून अशी मोकळी, ती मी नाइलाजाने डबीच्या कुलपात ठेवली होती.

ओव्या वाचता यायला लागल्यावर ‘ग्रेप’ नावाचं आणखी एक अवजार शिकले. शब्द दिला की तो असलेल्या ओळी शोधून आणतं. भाऊ, बंधू, भाऊराया मिळून १०४ ओव्या. पंढरी आणि विठ्ठल ५८. आमच्या वडिलांचा उल्लेख ७, आणि त्यातही दोन तक्रारीचे! (मामेभावंडांनी फार चढून जाऊ नये.) सहज म्हणून ‘शाळा’ टाकलं. काही निघेल असं वाटलं नव्हतं. चार ओव्या आल्या. चारही शेवटच्या वह्यांतल्या, मी नोकरीला लागले त्या वर्षांनंतर गायलेल्या. लेक दुसऱ्यांच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावते, तिच्या हाताला खडूचं पीठ लागतं आणि माझ्या हाताला दळणाचं, असा त्यातल्या एकीचा अर्थ. मी ती स्वतःच्या हाताने लिहून घेतली, स्वतः टंकली. तेव्हा ती ३१७ मधली एक होती, लिहून घेण्याच्या घाईत हातावेगळी केलेली. आईने मला ती जात्यावर बसून, माझ्याकडे न बघता, सांगितली असणार.

लिनक्सचं सगळं गोड आहे असं नाही. जुना प्रिंटर अजून रुसलेला आहे, एक पान काढतो आणि दुसऱ्याला नकार देतो. काही चिवट गोष्टींसाठी नातीच्या सुट्टीची वाट पाहावी लागते. हयातीचा दाखला आणि बँक मी मोबाईलवरच करते, त्यामुळे तिथे अडलं नाही. ज्यांना संगणकावर एखादा ठरावीक विंडोजचाच प्रोग्रॅम लागतो त्यांनी माझ्या नादी लागू नये. पण अकरा-बारा वर्षांचा हा डबा आता सकाळी चहा गाळेपर्यंत सुरू होतो, पूर्वी चहा पिऊन व्हायचा. दुकानातला माझा विद्यार्थी परवा येऊन बघून गेला. त्याला वाटत होतं मी परत विंडोज टाकायला बोलावलंय. निघताना म्हणाला, "बाई, ती यादी मला द्याल का? आमच्या आत्याच्या भजनांची फाईल अशीच पडलीय." दिली. त्याच्या फाईलचा फॉन्ट वेगळा आहे, निम्मी यादी बदलावी लागेल. बदलेल तो.

आता माहेरच्या मंडळींसाठी. जुन्या फाईलमधली पाच चिन्हं एका प्रणालीतून दुसरीत जाताना गळाली आणि पाचांच्या जागी एकच रिकामी चौकट आली. बहुतेक ठिकाणी संदर्भाने अक्षर लागलं. एका ठिकाणी लागत नाही. १९३ व्या ओवीत आई आपल्यासोबत खुंट्याला हात लावणाऱ्या एका बाईचं नाव घेते. पहिलं अक्षर चौकट, पुढे ‘कू’. छकू? फकू? की आणखी कुणी? पुढच्या चरणात ती बाई लग्न होऊन नदीपलीकडे गेल्याचं आहे, आणि तिच्यानंतर जातं जड झालं असं आई म्हणते. तळेगावच्या बहिणीला हे नाव आठवत नाही, आमच्या दोघींच्या जन्माआधीचं असावं. मोठी मामी अजून आहे, ९१ वर्षांची, ऐकू कमी येतं पण जुनं सगळं लख्ख. तिच्याजवळ जो कुणी राहतो आहे त्याने एकदा तिच्या कानाशी जाऊन विचारावं. नुसतं विचारून आठवलं नाही तर माळ्यावरचं जातं खाली काढा आणि खुंटा तिच्या हातात द्या.